पाठमोऱ्या माणसांच्या शाळेतली संयोगिता

जळकी माणसं मी रग्गड पाहिली. गारगोटीत शाळेच्या फाटकासमोर वह्या-पेन्सिलींचं दुकान चालवायचं म्हणजे दुसरं काय दिसणार? कुणाचा कंपास नवा, कुणाची रिबीन रुंद, कुणाच्या डब्यात अंडं, यावर पोरं जळतात. आणि कुणाचं पोर पहिलं आलं यावर त्यांचे आईबाप. पण बाळासो देसायांच्या संयोगितानं जळण्याला जी शिस्त लावली, ती दुसऱ्या कुणाला जमली नाही. बाकीचे जळतात आणि नुसता धूर करतात. ही जळायची आणि त्या जाळावर स्वतःची भाकरी भाजून घ्यायची.

गोष्ट पंच्याण्णव सालची. संयोगिता नववीत होती. सडसडीत अंग, दोन घट्ट वेण्या, आणि रंगाची पेटी अशी स्वच्छ की ही रंगवते का नुसती पेटी पुसते, असा प्रश्न पडावा. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत 'ए' श्रेणी मिळवून बसलेली. पट्टी न लावता सरळ रेघ ओढायची आणि मग वर पट्टी ठेवून मला दाखवायची, "बघा मावशी, हाय का कुठं वाकडी?" शाळेच्या दारातला मोठा फळा सणावाराला रंगवायचा मान तिचा. नागपंचमीचा नाग, बेंदराचे बैल, सगळं तीच काढणार. मदतीला म्हणून कुणी खडू पुढं केला तरी म्हणायची, "खाली ठेव. मी घेतो."

पुण्या-मुंबईचे पावणे इथं दचकतात. आमच्याकडं पोरीही 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. दचकायचं कारण नाही. पोरी त्या पोरीच.

तिला हवं होतं ते एकच. दहावी झाली की कोल्हापूरला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं. जोतीराम सरांनी, म्हणजे शाळेच्या चित्रकलेच्या सरांनी, एकदा वर्गाला तिथलं प्रदर्शन बघायला नेलं होतं. बाकीची पोरं चित्रं बघून आणि मिसळ खाऊन आली. संयोगिता मात्र एक पोरगी बघून आली. स्वतःएवढ्या उंच फळ्यासमोर उभी, हात कोपरापर्यंत रंगलेले, आणि तिला 'हात धू' म्हणणारं आसपास कुणी नाही. "मावशी, तिच्या ड्रेसला निळा रंग लागलावता आणि ती तशीच च्या पीत हुती," असं तिनं मला इतक्या वेळा सांगितलं की मलाच तो ड्रेस धुवावासा वाटायला लागला.

अडचण बाळासोंची. ऊस, म्हशी, दारात राजदूत मोटरसायकल. माणूस खाऊनपिऊन सुखी. पण भावकीतल्या कुणाच्या म्हशीनं आपल्यापेक्षा जास्त दूध दिलं, की ह्यांची कंबर धरायची. पोरीनं कॉलेजचं नाव काढलं तेव्हा माझ्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून, शाळेच्या गुंडू शिपायाच्या देखत ते म्हणाले, "इंटरमिजिएटला ए आण. मग पाठवतो. न्हाय आली तर गुमान डी.एड. करायचं." इंटरमिजिएट ही एलिमेंटरीच्या पुढची, अवघड परीक्षा, तिच्याशिवाय ते कॉलेज दारात उभं करत नसे. ए काही येत नाही, अशा खात्रीनं बाळासो बोलले होते. संयोगिताला ए येणारच, याची खात्री होती. वर्गात तिच्याएवढा हात दुसरा होताच कुणाचा?

आता जोतीराम सरांविषयी सांगायला पाहिजे. भला माणूस. पोरांना स्वतःचे रंग द्यायचा. फक्त एक होतं, त्यांना तोंडं काढायची भीती वाटायची. परीक्षेत स्मरणचित्र म्हणून एक पेपर असतो. विषय तिथंच कळतो आणि समोर काही न ठेवता, आठवून माणसांसकट चित्र काढायचं असतं. त्यावर सरांनी उपाय काढला होता. ठराविक मंडळी त्यांनी पोरांकडून घोटून घेतली होती: डोक्यावर बुट्टी घेतलेली बाई, सायकल ढकलणारा गडी, काठी टेकत जाणारा म्हातारा, फुगा धरलेलं पोरगं, आणि जागा उरली तर एक कुत्रं. सगळी पाठमोरी. कुत्रंसुद्धा.

"तोंड काढायला गेला की माणूस फसतोय," सर म्हणायचे. "पाठ कुणाची फसलीय का आजवर?"

विषय बाजार आला की ही मंडळी बाजारात. जत्रा आली की जत्रेत. बसस्थानक आलं की एसटीला. देऊळ आलं तर कुत्र्याला बाहेर बसवायचं. आमच्या गावात खरं तर कुणी कुणाला पाठ दाखवत नाही, भांडायचं झालं तर समोर येतात. पण शाळेच्या भिंतीवरच्या चित्रांत सगळं गाव कुणावर तरी रुसून निघालेलं दिसायचं. शिक्षकदिनाच्या फळ्यावर संयोगिता दरवर्षी एक शिक्षक काढायची, तोही फळ्यावर लिहिणारा. म्हणजे पुन्हा पाठ आलीच. आणि काढायची इतकं सुरेख की सदऱ्याच्या चुण्या मोजून घ्याव्यात.

त्याच जूनमध्ये बिद्रीहून दीक्षा आली. केरबा कांबळेंची मुलगी. केरबा तिथं कारखान्यात कामाला, घर बौद्धवस्तीत, आई मीनाबाई दुसऱ्यांच्या शेतावर जायची. चित्रकलेच्या परीक्षांना बसायचं म्हणून पोरगी रोज एसटीनं गारगोटीला यायला लागली. संयोगिताच्या अगदी उलट. बोटं शिशानं काळी, कागदाचे कोपरे दुमडलेले, रंगाच्या बाटल्यांना झाकणं नाहीत. पहिल्या दिवशी माझ्याकडून पेन्सिल घेतली आणि दुकानातच माझ्या मांजराचं चित्र बिलाच्या कागदावर काढून मोकळी झाली. मांजर माझ्याकडं जसं बघतं तसंच बघत होतं, उपकार केल्यासारखं.

पहिल्याच तासाला सरांनी विषय दिला, मधली सुट्टी. वर्गानं बुट्टीवाली, सायकलवाला, फुगेवालं पोरगं शाळेच्या पटांगणात आणून सोडलं. दीक्षाच्या कागदावर एकच माणूस मोठा होता. घंटेखाली स्टुलावर बसून जांभई देणारा. तोंड आपल्याकडं.

"आयला, गुंडूमामा!" मागून कुणीतरी ओरडलं आणि वर्ग उठून तिच्या बाकाभोवती जमला. गुंडूला बोलावणं गेलं. त्यानं चित्र लांब धरलं, जवळ धरलं. "मी असा दिसतो व्हय रं? जांभई बरीक माझीच हाय. पोरी, हे मला दे. घरात लावतो. बायकोला कळू दे, मी शाळेत किती राबतो ते."

सरांनी कागद घेऊन उलटापालटा करून बघितला. मग म्हणाले, "हे... समोरनं काढलंयस तू."

"व्हय सर," दीक्षा म्हणाली. "समोरच हुतं की ते."

शाळा सुटल्यावर संयोगिता दुकानात आली. "मावशी, रबर द्या. मोठं."

"काय पुसायचंय एवढं?"

"काय न्हाय." आणि पायरीवर बसून नव्या रबराला नखानं टोचत राहिली.

त्या दिवसापासून जे सुरू झालं ते वर्षभर चाललं. आधी तिनं उठवलं, की दीक्षा काचेखाली दिवा ठेवून मासिकांतली तोंडं छापते. मी म्हटलं, "गुंडूचं तोंड कुठल्या मासिकात आलं गं?" मग म्हणायला लागली, नुसती तोंडं येऊन काय होतंय, रेघ बघा तिची, म्हशीनं शेपूट फिरवल्यागत. ते खरं होतं. दीक्षाला पट्टी, कंपास, मोजून काढलेली अक्षरं यांचा मनापासून कंटाळा. पण खरं बोलण्याचं समाधान जळक्या माणसाला मिळत नाही. सप्टेंबरात सरांनी शिक्षकदिनाचा फळा दीक्षाला दिला. तिनं वर्गाकडं बघणारा शिक्षक काढला, चष्मा नाकावर घसरलेला, वरच्या खिशाला शाईचा डाग. सगळ्या शाळेनं ओळखलं. सर दिवसभर खिशावर हात ठेवून हिंडत होते, पण घरी जाताना बायकोला मुद्दाम फाटकापर्यंत बोलावून फळा दाखवला. संयोगितानं त्या दिवशी डबा उघडला नाही. बाळाबाई, तिची आई, मला सांगत होती, "आक्का, पोरगी जेवंना. कुणी काय बोललं का?"

"कुणी काय बोललं न्हाय," मी म्हटलं. "कुणीतरी कायतरी काढलं."

चित्रकलेच्या तासाला बाकं चौकोनात मांडायची पद्धत. संयोगिता आपणहून दीक्षाच्या समोरचं बाक धरून बसायला लागली. सरांना वाटलं, पोरगी दिलदार आहे. दिलदार कसली! डोळा काढून घेतला नाही तिनं वर्षभर. आणि बघितलेलं सगळं माझ्यापुढं येऊन ओतायची. "ती पेन्सिल शेवटाला धरती, झाडू धरल्यागत. अडलं की खालचा ओठ आत घेती. डावा पाय मुडपून बसती, मग उठताना हमखास लंगडती. उन्हात आली की एकच डोळा मिटती, दोन्ही न्हाय. वेणी पुढं घेतली की समजायचं, आता रंगाला हात घालणार."

"अगं, तिच्या आईला तरी एवढं ठाऊक असंल का?"

"मला काय करायचंय तिचं?" म्हणून उठून गेली.

घरी ती चोरून तोंडं काढायला बसायची. पहिला बळी बाळासो. बाळाबाईनं हसत हसत सांगितलं, "ह्यांना वाटलं फोटोवाणी येणार. मिशीला तेल लावून बसले. नाकाच्या जागी आलं वांगं. दोन दिस ह्यांनी ताटात वांगं घेतलं न्हाय." आईचं तोंड काढलं तर ते शेजारच्या काकूसारखं झालं, आणि त्या काकूशी बाळाबाईचं बोलणं बंद. शेवटी तिनं तोंडांचा नाद सोडला. दहावीत इंटरमिजिएटच्या आधी मला म्हणाली, "पाठमोरी तर पाठमोरी. माझ्या पाठी कुणाला येत न्हाईत."

परीक्षेत मी नव्हते. पण गुंडू पाणी द्यायला होता, आणि त्यानं जे सांगितलं नाही ते पुढं दोघींनी वेगवेगळं येऊन सांगितलं. स्मरणचित्राचा विषय निघाला: वर्ग सजवणाऱ्या मुली.

आमच्या पोरांची जी धांदल उडाली म्हणता! घोटून घेतलेली बुट्टीवाली वर्गात आणायची कशी? काहींनी आणलीच. बुट्टीत पताका घातल्या, झालं. एका शहाण्यानं सायकलवाला फळ्यापर्यंत नेला. एकानं काठीवाल्या म्हाताऱ्याला परकर नेसवून मुलगी केली, काठी तशीच ठेवली. जोतीराम सर खिडकीबाहेरून बघत होते, आणि गुंडू म्हणतो, सरांनी तोंड फिरवलं आणि भिंतीकडं बघत उभे राहिले.

संयोगितानंही आधी बुट्टीवाली काढली. मग पुसली. वर्ग सजवणाऱ्या मुली म्हणजे कुणी वर हात करून पताका बांधणार, कुणी खाली बसून रांगोळी घालणार, कुणी स्टुलावर चढणार. त्यातलं एकही पाठमोरं माणूस तिच्याकडं तयार नव्हतं. तिनं डोळे मिटले. आठवायचं म्हटल्यावर माणसाला काय आठवतं? जे सगळ्यात जास्त बघितलेलं असतं ते. आणि वर्षभर ह्या पोरीनं बघितलं होतं एकच.

हात चालायला लागला. डावा पाय मुडपून रांगोळी घालणारी एक. खालचा ओठ आत घेऊन कात्री चालवणारी एक. खिडकीतल्या उन्हात एक डोळा मिटून पताका बघणारी एक. वेणी पुढं घेऊन फळा रंगवणारी एक. सगळ्यांची तोंडं आपल्याकडं. वेळ संपेपर्यंत तिला कळलंही नाही म्हणे, आपण काय केलं ते.

पोस्टर कलर ओले असतात, म्हणून कागद गोळा करून गठ्ठा बांधण्याआधी व्हरांड्यात फरशीवर वाळत घालायचे, कडेला खडे ठेवून. पोरं आपलं आणि दुसऱ्याचं बघत तिथून निघायची. दीक्षा निघाली आणि एका कागदापाशी थांबली. खाली बसली. डावा पाय मुडपून.

"अगं बया," ती म्हणाली. "ही सगळी मीच की!"

संयोगिता पळायच्या बेतात होती, पण वाट अडलेली. पोरी जमल्या. एक म्हणाली, "ही रांगोळीवाली दीक्षा." दुसरी म्हणाली, "आणि ही कात्रीवालीबी दीक्षा. संयोगिता, वर्गात दुसरी कोण पोरगीच न्हाय व्हय?"

"न्हाय तिच्यागत कुणी," संयोगिता फणकारली, आणि आपण काय बोलून गेलो ते कळल्यावर कानापर्यंत लाल झाली.

दीक्षा कागदावर वाकून बघत होती. "भांग चुकलाय. माझा हिकडनं हाय. तू तिकडनं काढलास."

"काय चुकला न्हाय. तू आरशात बघतीस. मी तुला समोरनं बघतो."

दीक्षानं डोक्याला हात लावून बघितलं. मग म्हणाली, "इतकं बघतीस व्हय गं माझ्याकडं?"

"बघण्यासारखं काय हाय तुझ्यात? समोर बसतीस म्हणून दिसतीस." आणि पोरींना ढकलून जी निघाली ती थेट माझ्या दुकानात. काही घेतलं नाही. बरणीतली सुकी बोरं पुढं केली तर बोरंही नको.

निकाल लागला. संयोगिताला ए. दीक्षाला बी, भूमिती आणि अक्षरलेखनाच्या पेपरात तिनं अंगठ्याचे काळे ठसे उमटवून ठेवले होते. आता तरी ह्या पोरीनं शांत व्हावं की नाही? एक दिवस झाली. दुसऱ्या दिवशी तोंड पुन्हा कडू.

"आता काय झालं?"

"मावशी, बी मिळाली तरी ती हसती कशी हो?"

नुसती हसत नव्हती. केरबा कारखान्यातून सुट्टी काढून पेढ्यांचा पुडा घेऊन आला होता. सरांना दिले, गुंडूला दिले, मला दिले. "आमच्या घरात चित्राची परीक्षा पास हुणारी ही पयलीच," म्हणाला. मीनाबाई मागं उभी, नवं लुगडं नेसून. केरबानं संयोगितालाही पेढा दिला. "ए मिळाली न्हवं तुला? लई भारी. आमची दीक्षा सांगत हुती, तिची रेघ बघाय पायजे म्हणून." संयोगितानं पेढा घेतला आणि हातात धरून ठेवला. कारण ए घेऊन घरी गेली तेव्हा बाळासो म्हैस धूत होते आणि वळून नुसतं 'बरं' म्हणाले होते.

पुढं तर त्याहून वाईट. दहावीचाही निकाल लागला, चांगले मार्क पडले, आणि बाळासोंनी शब्द फिरवला. "ए आली, चांगलं झालं. आता डी.एड. कर. मास्तरीण हो. चित्रं काढून कोण जेवलंय?" पोरगी रडली, रुसली, दोन जेवणं चुकवली. बाळासो ढिम्म. जोतीराम सर घरी जाऊन आले. त्यांना चहा मिळाला. मलाही मध्यस्थीला जावं वाटलं, पण संयोगिता म्हणाली, "मावशी, तुम्ही ऱ्हावू द्या. मी बघतो." आणि तिच्या डोळ्यात जे दिसलं ते बघून मी मुकाट गल्ल्यावर बसले.

त्या संध्याकाळी ती बापाच्या ताटात भाकरी वाढत म्हणाली, "आबा, बरं झालं तुम्ही न्हाय म्हणालासा. न्हाय तरी तिथं दीक्षाच पुढं जाणार. तिचे वडील कालच कोल्हापूरला जाऊन आले म्हणं."

"कोण वडील?"

"केरबाकाका. बिद्रीचं कांबळे."

बाळासोंचा घास थांबला. "बी मिळालीय न्हवं त्येच्या पोरीला?"

"बीच की. आणखी आमटी वाढू?"

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतंय तोवर राजदूत येऊन थांबली. "चिमणाक्का, एक पेन द्या." बाळासोंना पेन लागतं कशाला? पण दिलं. त्यांनी ते उघडलं, मिटलं. "त्या केरबाची पोरगी कुठं चाललीय म्हणं?"

"कोल्हापूरला. चित्रकलेला."

"बी वर घेत्यात व्हय तिथं?"

"घेत्यात की. ज्येच्या बापाला पाठवायचं असतंय त्येला घेत्यात."

"म्हंजे आमाला पाठवायचं न्हाय?"

"असं मी कुठं म्हणालो? तुमच्या पोरीचं काय, ती डी.एड. करील. पुढं कधी शाळेत समारंभ झाला, दीक्षा पाव्हणी म्हणून आली, तर स्वागताची रांगोळी कुणीतरी घालायला पायजेच न्हवं."

मी इतकंच बोलले. खोटं एक अक्षर नाही. बाळासो पेन तिथंच टाकून गेले.

इथं मी गोड बोलणार नाही. एका बापाला पोरीची तळमळ दोन वर्षांत कळली नाही. पण बौद्धवस्तीतल्या केरबाची पोरगी आपल्या पोरीच्या पुढं जातेय, हे एका घासात कळलं. ही काही चांगली गोष्ट नव्हे. केरबा पोरीला तिच्या आवडीपायी पाठवत होता, बाळासो केरबापायी. पण बापाचं घर ज्या चुलीवर चालतं ती चूल संयोगितानं बरोबर ओळखली होती, आणि दुसरं सरपण तिच्यापाशी नव्हतं. बाळासो तिसऱ्या दिवशी कोल्हापूरला जाऊन प्रवेशाचं सगळं बघून आले. येताना पोरीला सांगितलं, "जा. पण पयली ये."

झालं, असं वाटलं. तर आता बाळाबाई आडवी आली. एकटी पोरगी कोल्हापुरात ठेवायची तिची तयारी नाही. आणि ह्या अडचणीवर तोडगा निघाला माझ्याच दुकानात. बाळाबाई आणि मीनाबाई दोघी शाळेतून दाखले घेऊन आल्या, माझ्याकडं पाणी प्याल्या, आणि मीनाबाई म्हणाली, "शाहूपुरीत माझी मावसबहीण हाय. तिच्या माडीवर एक खोली रिकामी हाय. दीक्षा तिथंच ऱ्हाणार. तुमचीबी येऊ दे की. दोघी दोघींना बघतील."

"एकमेकींना बघण्यात त्या तयार हायीतच," मी म्हटलं. दोघींनाही ते कळलं नाही.

बाळाबाईला खोली पसंत. घरी बाळासोंनी जातीचं काहीतरी तोंडात आणलं, तर ती म्हणाली, "डेअरीत सगळ्या गावाचं दूध एकाच कॅनात ओततासा. तवा इचारलासा का कुणाला, ह्यो कोण आणि त्यो कोण?" बाळासो म्हशीकडं निघून गेले. म्हशीला तरी काय विचारणार!

आणि संयोगिता? तिला कळलं तशी ती धावत दुकानात आली. "मावशी, तिच्यासंगं? एका खोलीत? सकाळ-संध्याकाळ?"

"मग नको जाऊस."

"आई म्हणती, जायचं तर तिच्यासंगं, न्हाय तर डी.एड." ती पायरीवर बसली. बोरं घेतली. एकेक खाऊन बिया नेमानं एका ओळीत मांडत बसली, अगदी सरळ ओळीत. "तुम्ही काय केलं असतं?"

"मी? मी डी.एड. केलं असतं. पगार बरा असतोय, सुट्ट्या असतात."

"खुळ्या हाय काय मावशी!" आणि उठून बांधाबांध करायला गेली.

दिवाळीनंतर मी दुकानाचा माल आणायला कोल्हापूरला गेले, तेव्हा शाहूपुरीत त्यांच्या खोलीवर चढले. दार उघडं. खोलीच्या मधोमध फरशीवर खडूची रेघ, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. ती कुणी ओढली हे विचारायची गरज नव्हती. सुतार लाजावा अशी सरळ होती. एका बाजूला सगळं आरशासारखं, दुसऱ्या बाजूला कागदांचा डोंगर आणि त्यावर वाळत घातलेली ओढणी. संयोगिता तिच्या बाजूला काम करत होती. हात कोपरापर्यंत हिरवे. कुणी धू म्हणत नव्हतं.

"काय गं, सुखी हायीस न्हवं?"

"कशाचं सुख? खिडकी तिच्या बाजूला गेली."

"वाटणी कुणी केली?"

"मीच की. मला फडताळ दिसलं, मी घाईनं फडताळाची बाजू धरली. आता सकाळचा उजेड सगळा तिच्या कागदावर." मग आवाज उतरवून म्हणाली, "आणि मावशी, दुसरंच एक झालंय. तिनं एक पोस्टर केलं. तिची अक्षरं तुम्हाला ठाऊकच हायीत, वारा सुटल्यागत. मला बघवंना. मी रागानं तिची अक्षरं काढून दिली. कॉलेजच्या सरांनी विचारलं, अक्षरं कुणाची? तर हिनं सगळ्या वर्गापुढं माझं नाव सांगितलं."

"मग चांगलंच की."

"चांगलं कसं? आता मला तिच्यावर नीट जळताबी येईना."

मला हसू आवरेना. "मग खोली बदल की बाई. शाहूपुरीत खोल्यांना काय तोटा? मी घालतो बाळासोंच्या कानावर."

संयोगितानं ब्रश पाण्यात बुडवला आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी तिला कॉलेजच सोडायला सांगितलं. "आणि मग ती काय काढती ते मला कसं कळणार?"

दीक्षा तेवढ्यात खालून पाण्याची बादली घेऊन वर आली होती. रेघेवर थांबली, चपला काढल्या आणि म्हणाली, "मावशी, तिला सांगा, बघायचं तेवढं बघ म्हणावं. पण माझं रबर सकाळधरनं तिच्या फडताळात हाय, ते आधी द्यायला सांगा."